ब्रन्सविकमध्ये पहिलं घर: दीड वर्ष राहून झाल्यावर

मेलबर्नमध्ये पहिलं घर शोधायला लागलं की आपल्या मंडळींकडून एकच सल्ला मिळतो. शहराच्या पश्चिमेच्या उपनगरांत टार्नीट बघ, ट्रुगनिना बघ, नाहीतर पॉइंट कुक. चार बेडरूम, दोन गाड्यांचं गॅरेज, मागे अंगण, शेजारीपाजारी आपली माणसं. सल्ला चुकीचा नाही. माझी मावसबहीण टार्नीटलाच राहते आणि तिथे सुखी आहे. आम्ही मात्र शहरापासून सहा किलोमीटरवरच्या ब्रन्सविकमध्ये दोन बेडरूमचं युनिट घेतलं. जुनी विटांची इमारत, एकूण आठ घरं, लिफ्ट नाही, आमचं घर पहिल्या मजल्यावर. ऑगस्ट २०२४ मध्ये किल्ल्या हातात आल्या. तेव्हापासून निदान दहा जणांनी विचारलं असेल की एवढ्याशा जागेत एवढे पैसे का घातले. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला तेही सांगते.

मी पार्कव्हिलमधल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. दुपारची पाळी रात्री साडेनऊला सुटते. या देशात आल्यावर पहिला महिनाभर बहिणीकडे होते, तेव्हा पाळी संपवून शहरातल्या सदर्न क्रॉस स्टेशनला यायचं, व्ही-लाइनची रेल्वे पकडायची आणि टार्नीट स्टेशनवर बहिणीचे यजमान गाडी घेऊन उभे असायचे. दिवसभर राबून आलेला माणूस माझ्यासाठी रात्री अकराला स्टेशनवर थांबतो, हे मला रोज टोचायचं. घर घ्यायची वेळ आली तेव्हा माझी अट एकच होती. रात्रीच्या पाळीनंतर कुणालाही न उठवता मला घरी पोचता आलं पाहिजे.

त्यामुळे आम्ही घरं बघायच्या आधी रस्ते बघितले. घर आतून बघायची वेळ, म्हणजे इन्स्पेक्शन, बहुतेक शनिवारीच असते, आणि शनिवारी प्रत्येक उपनगर छानच दिसतं. कॅफे भरलेले, कुत्री फिरायला निघालेली, ऊन पडलेलं. आम्ही मंगळवारी सकाळी पावणेआठला सिडनी रोडवर जाऊन उभे राहिलो. १९ नंबरची ट्राम येते ती कोबर्गकडून भरूनच येते, मग उभ्यानं जावं लागतं. गुरुवारी रात्री पाळी संपवून त्याच ट्रामनं आले आणि नकाशावर आवडलेल्या तीन-चार गल्ल्या चालून बघितल्या. सिडनी रोड त्या वेळी जागा असतो, दुकानांचे दिवे चालू असतात. पण आतल्या काही गल्ल्यांत, विशेषतः घरांच्या मागून जाणाऱ्या काळ्या दगडाच्या बोळांत, फार अंधार असतो. पूर्वी हे बोळ मैला वाहून न्यायला ठेवलेले होते. दिवसा सुंदर दिसतात, रात्री एकटीनं तिथून जायला नको वाटतं. आमच्या यादीतल्या दोन गल्ल्या त्या रात्रीच कटाप झाल्या. तिसरी फेरी एका पावसाळी रविवारी केली, रस्त्यावर पाणी कुठे साठतं ते बघायला. तीन फेऱ्यांना खर्च ट्रामच्या तिकिटाचा, आणि घरखरेदीतला सगळ्यात उपयोगी खर्च तोच ठरला.

आता माती. ब्रन्सविक मुळात विटा भाजणाऱ्यांची आणि दगड फोडणाऱ्यांची वस्ती. हॉफमन ब्रिकवर्क्स या जुन्या वीटभट्टीच्या उंच चिमण्या अजून उभ्या आहेत. मातीसाठी खणलेले खड्डे नंतर कचऱ्यानं भरले आणि त्यांतल्या काहींवर आज बागा आहेत. पूर्वेला मेरी क्रीकच्या काठावरचं सेरेस हे पर्यावरण केंद्र १९८२ साली अशाच जुन्या दगडखाणीच्या आणि कचराडेपोच्या जागेवर उभं राहिलं. वाचायला हे सगळं छान वाटतं, पण घर घेणाऱ्याला त्याचा एक थेट अर्थ आहे. पाया चिकणमातीचा आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचं घर तिच्याबरोबर हलतं.

हे मला शिकवलं सासऱ्यांनी. ते बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. २०२४ च्या मार्चमध्ये आम्ही लाकडी फळ्यांच्या एका जुन्या, छोट्या घराच्या अगदी प्रेमात पडलो होतो. अरुंद दर्शनी भाग, लोखंडी जाळीची ओसरी, मागे लिंबाचं झाड. इन्स्पेक्शनला गेलो आणि व्हिडिओ कॉलवर त्यांना घर फिरून दाखवलं. भिंती, छत, न्हाणीघर सगळं त्यांनी शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "अगं, तुझ्याकडे पाण्याची बाटली आहे ना? ती जमिनीवर आडवी ठेव बरं."

ठेवली. क्षणभर थांबली आणि मग हळूहळू घरंगळत खिडकीखालच्या कोपऱ्यात जाऊन टेकली.

"आता शेजारच्या खोलीत ठेव."

तिथेही तीच गत, फक्त दिशा उलटी. "बाबा, म्हणजे घर वाईट आहे का?" मी विचारलं. ते म्हणाले, "वाईट नाही गं. पण खांब बसलेत. त्याचा खर्च घराच्या किमतीत धर, आणि मग सांग परवडतं का."

ही घरं जमिनीत रोवलेल्या लाकडी खुंटांवर उभी असतात. खुंट कुजले किंवा खचले की सगळं घर जॅकवर उचलून ते बदलावे लागतात, त्याला इथे रीस्टंपिंग म्हणतात. आम्ही ५५० डॉलर देऊन बिल्डिंग आणि वाळवीची तपासणी करून घेतली. अहवालात बाटलीनं सांगितलं तेच निघालं. शिवाय मागच्या शेडला ॲस्बेस्टॉसचे पत्रे. १९९० च्या आधी बांधलेल्या घरांत ते सर्रास सापडतात. हात लावला नाही तर ठीक, पण तोडायचे झाले तर परवानाधारक माणसाकडूनच तोडून घेतलेले बरे.

तरीही आम्ही त्या घराच्या ऑक्शनला गेलो. एजंटनं किंमत सांगितली होती ७ लाख ५० हजार ते ८ लाख २० हजार. घर गेलं ९ लाख ५ हजाराला. बोली आमच्या मर्यादेपलीकडे जायला चार मिनिटंही लागली नाहीत. त्या दिवशी घरी येऊन मी रडले, कारण सहा आठवडे आम्ही त्या घरात मनानं राहायला गेलो होतो. राग मला जास्त किमतीचा आला नव्हता. ते घर त्या आकड्यात मिळणारच नव्हतं आणि आम्ही तपासणीला, वकिलाला पैसे घालून बसलो, याचा आला. व्हिक्टोरियात एजंटला प्रत्येक घरासोबत 'स्टेटमेंट ऑफ इन्फर्मेशन' द्यावं लागतं. त्यात अंदाजे किंमत आणि तुलनेसाठी तीन विक्री झालेली घरं असतात, मेलबर्नमध्ये दोन किलोमीटरच्या आतली आणि सहा महिन्यांतली. त्यानंतर मी एजंटचा आकडा बघणंच सोडलं. दर शनिवारी संध्याकाळी आमच्या चार-पाच रस्त्यांवर काय कितीला गेलं, ते एका वहीत लिहायला लागले. दोन महिन्यांत अंदाज पाच टक्क्यांच्या आत येऊ लागला. ऑक्शनबद्दल आणखी एक गोष्ट मनावर घ्या. तिथे घेतलेल्या घराला कूलिंग-ऑफ नसतो. हातोडा पडला की सही आणि सहसा दहा टक्के रक्कम त्याच दिवशी. घरी जाऊन विचार बदलायची मुभा नाही. खाजगी विक्रीत तीन कामकाजाचे दिवस मिळतात. त्या मुदतीत माघार घेतली तर किमतीच्या ०.२ टक्के किंवा १०० डॉलर, यांतली मोठी रक्कम कापली जाते. पहिल्यांदा घर घेणाऱ्यानं आधी खाजगी विक्रीची घरं बघावीत, असं माझं ठाम मत आहे.

लाकडी घर हातचं गेल्यावर आम्ही युनिट्सकडे वळलो आणि तिथे दोन टोकं दिसली. एका टोकाला स्टेशनजवळच्या नव्या उंच इमारती. चकचकीत स्वयंपाकघर, जिम, गच्चीवर बाग. एक अपार्टमेंट बघितलं, ४८ चौरस मीटर. दुसऱ्या बेडरूमला खिडकीच नव्हती, फक्त हॉलच्या बाजूला काचेचं सरकतं दार. दार लावलं की भर दुपारी काळोख. २०१७ मध्ये इथे अपार्टमेंटच्या रचनेचे नवे नियम आले आणि खोलीला खिडकी सक्तीची झाली, पण त्याआधीच्या इमारतींत अशा आंधळ्या खोल्या भरपूर आहेत. शिवाय ५० चौरस मीटरपेक्षा लहान घराला कर्ज देताना अनेक बँका हात आखडता घेतात, आणि विकताना तोच त्रास आपल्या गिऱ्हाइकाला होणार. लिफ्ट-जिमचा खर्च धरून देखभालीचे पैसे तिमाहीला १,५०० डॉलर. बाहेरच्या भिंतींना लावलेल्या पॅनेल्सचा प्रश्न वेगळाच. २०१४ साली डॉकलंड्समधल्या लॅक्रॉस इमारतीत बाल्कनीतल्या एका सिगारेटमुळे आग लागली आणि ती बाहेरच्या क्लॅडिंगवरून भराभर वर चढली. त्यानंतर अशा इमारती शोधून दुरुस्त करायला सरकारला वेगळी संस्था काढावी लागली. त्यामुळे कुठल्याही उंच इमारतीत क्लॅडिंगबद्दल लेखी विचारा. "काही प्रॉब्लेम नाही" या तोंडी उत्तरावर समाधान मानू नका.

नव्यांतल्या सगळ्याच इमारती अशा नाहीत, हेही सांगायला हवं. ॲन्स्टी स्टेशनजवळची 'द कॉमन्स' आणि फ्लोरेन्स स्ट्रीटवरची 'नाइटिंगेल १' मी बाहेरून बघितली आणि फार आवडली. गाड्यांना जागाच न ठेवता बांधलेल्या, उजेड आणि वारा खेळता ठेवणाऱ्या इमारती आहेत त्या. तिथे काही विकायला निघालं असतं तर आम्ही नक्की प्रयत्न केला असता.

दुसरं टोक म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातल्या विटांच्या दुमजली-तिमजली इमारती. दिसायला साध्या, काही तर ओबडधोबडच. पण खोल्या मोठ्या, प्रत्येक खोलीला खिडकी, भिंती जाड, घरं मोजकी आणि लिफ्ट नसल्यामुळे देखभाल स्वस्त. आमचं युनिट ६६ चौरस मीटर, गाडीला एक जागा, देखभाल तिमाहीला ५२० डॉलर. यांत एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी लागते, ती म्हणजे टायटल, मालकीचा कागद. इमारतीतल्या प्रत्येक घराची मालकी स्वतंत्र ठेवणारा स्ट्राटा टायटलचा कायदा इथे १९६७ मध्ये आला. त्याआधीच्या काही इमारतींत घराची मालकी कंपनीच्या शेअरच्या रूपात असते, म्हणजे तुम्ही भिंती विकत घेत नाही, कंपनीचे शेअर घेता. जाहिरातीत घर तसंच दिसतं, किंमत थोडी कमी दिसते, आणि बँकेत गेल्यावर कळतं की कर्ज मिळणं कठीण. असं एक युनिट आम्हीही आवडून ठेवलं होतं. खरेदीची कायदेशीर कागदपत्रं बघणाऱ्या आमच्या कन्व्हेयन्सरबाईंनी पहिल्या पानावरच ओळखलं.

आणि 'सेक्शन ३२' स्वतः वाचा. १९६२ च्या जमीन विक्री कायद्याच्या ३२ व्या कलमाखाली विकणाऱ्याला द्यावं लागणारं हे निवेदन. आमचं शंभरावर पानांचं होतं. कन्व्हेयन्सर कायदा बघतात. पण गळक्या छताबद्दल मागच्या वार्षिक सभेत कोण काय म्हणालं, ते आपल्यालाच वाचावं लागतं. मला इतिवृत्तात एक ओळ सापडली: "छताचे पन्हाळे बदलण्याबाबत दरपत्रक मागवावे." ही ओळ सलग दोन वर्षांच्या सभांत जशीच्या तशी होती. म्हणजे दोन वर्षं कुणी काही केलेलं नाही आणि खर्च येणार आहे. त्या एका ओळीवर आम्ही आमची बोली ७ हजार डॉलरनं खाली आणली आणि ती मान्य झाली. सरकारच्या विकप्लॅन या नकाशावर पत्ता टाकला की पूर आणि वारसा यांसारखी बंधनं फुकट बघता येतात. आमच्या रस्त्याच्या खालच्या टोकाला जोरदार पावसात पाणी तुंबण्याचा पट्टा दाखवला आहे. त्या पावसाळी रविवारी आम्ही नेमकं तेच डोळ्यांनी पाहिलं होतं.

किंमत ठरली ५ लाख ७८ हजार. व्हिक्टोरियात पहिलं घर ६ लाखांपर्यंत असेल तर स्टॅम्प ड्युटी शून्य. एरवी आम्हाला २९,७५० डॉलर भरावे लागले असते. ६ लाखांच्या पुढे सवलत झपाट्यानं आटते. साडेसहा लाखांना ११ हजारांच्या वर, साडेसात लाखांना पूर्ण ४०,०७० डॉलर. म्हणून ६ लाखांची रेघ आम्ही भिंतीवर लिहून ठेवावी तशी पाळली. डिपॉझिट पाच टक्के भरलं, केंद्र सरकारच्या हमीमुळे मॉर्गेज इन्शुरन्स, म्हणजे कमी डिपॉझिटवर बँकेच्या संरक्षणासाठी आपल्याला भरावा लागणारा विमा, लागला नाही. आमच्या वेळी जोडप्याचं उत्पन्न २ लाखांच्या आत आणि मेलबर्नमधलं घर ८ लाखांच्या आत असण्याची अट होती. १ ऑक्टोबर २०२५ पासून उत्पन्नाची अट गेली आणि किमतीची मर्यादा ९ लाख ५० हजार झाली. मर्यादा वाढली म्हणून तिथपर्यंत ताणू नका, एवढंच कळकळीनं सांगेन. पाच टक्के भरले की पंच्याण्णव टक्क्यांवर व्याज चालू होतं.

राहायला आल्यावरचं सुख सांगायचं तर पाळी सुटल्यावर रॉयल परेडवर ट्राम पकडते आणि पंधरा मिनिटांत सिडनी रोडला उतरते. शुक्रवारी-शनिवारी १९ नंबर रात्रभर चालू असते. नवऱ्याला उठवायची गरज दीड वर्षात एकदाही पडली नाही. रविवारी सकाळी लेबनीज बेकरीतून झातरचा मसाला लावलेली गरम रोटी आणतो. ती भट्टीतून निघताना तिचा वास फुटपाथभर पसरलेला असतो. भाजी, मासे, किराणा, लायब्ररी सगळं चालत. दुसरी गाडी आम्ही घेतलीच नाही, आणि त्या वाचलेल्या पैशांची बेरीज मी टार्नीटच्या मोठ्या घराशी तुलना करताना नेहमी धरते.

आता कापलेला तारा. जुन्या इमारतीत थंडी हाडापर्यंत जाते. खिडक्यांना एकेरी काच, त्यामुळे जून-जुलैत रोज सकाळी आतून पाणी ओघळतं. आधी मी दुर्लक्ष केलं आणि पडद्यामागच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली. आता उठल्यावर पहिलं काम जुन्या टॉवेलनं सगळ्या खिडक्या पुसणं. उलट फेब्रुवारीत पश्चिमेची भिंत इतकी तापते की रात्री दहालाही हात लावला तर गरम लागते.

सिडनी रोडवरच्या ट्रामला पायऱ्या चढाव्या लागतात, समपातळीचे थांबे नाहीत. आई तीन महिने आली होती. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे ती एकटी कुठे जाऊ शकली नाही. बाबागाडीवाल्यांचेही तेच हाल. अपफील्ड लाइनची रेल्वे आहे, पण तिच्या टोकाला एकेरी रूळ असल्यामुळे गाड्या विरळ, आणि एक चुकली की वीसेक मिनिटं थांबा. फाटकाची टिंगटिंग पहिल्या महिन्यात झोप मोडायची, आता ऐकू येत नाही. पाहुण्यांच्या गाडीला जागा मिळणं नशिबावर. नवीन इमारतीत घर घेणार असाल तर रस्त्यावरच्या पार्किंगचा परवाना मिळेल हे गृहीत धरू नका, आधी इथल्या मेरी-बेक कौन्सिलला, म्हणजे नगरपालिकेला, विचारा.

आज पुन्हा निवडायचं असतं तर पश्चिमेचं फूट्सक्रे हे उपनगरही तितक्याच बारकाईनं बघितलं असतं. ३० नोव्हेंबर २०२५ ला मेट्रो टनेल हा शहराखालून जाणारा रेल्वेमार्ग सुरू झाला आणि फूट्सक्रेहून थेट पार्कव्हिलला गाडी येते. माझ्यासारख्या हॉस्पिटलवाल्यांचं गणितच त्यानं बदललं आहे. तिथे फक्त मॅरिबिर्नाँग नदीचा पट्टा नीट तपासा. २०२२ च्या ऑक्टोबरमधल्या पुरात तिच्या काठच्या घरांत पाणी शिरलं होतं. दोन मुलं असतील, आईवडील कायमचे सोबत राहणार असतील, तर मी स्वतः तुम्हाला बहिणीकडे टार्नीटला घर बघायला घेऊन जाईन. ६६ चौरस मीटरमध्ये ते जमणार नाही. आई होती तेव्हा नवरा तीन महिने हॉलमध्ये गादी घालून झोपला.

पन्हाळ्यांचं काम अजून बाकी आहे. मी ओनर्स कॉर्पोरेशनच्या, म्हणजे इमारतीतल्या घरमालकांच्या संस्थेच्या, कमिटीत गेले आणि तीन दरपत्रकं मागवली. सगळ्यात कमी आकडा १८ हजारांचा आहे, आठ घरांत वाटला तर प्रत्येकी २,२५०. खालच्या मजल्यावरच्या आजींना तेवढे एकदम जड जातील, म्हणून चार हप्त्यांचा प्रस्ताव मी लिहून ठेवला आहे. मार्चच्या सभेत तो मांडणार आहे.